रोस्टर स्वयंपाकघरात लाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्र लिहिणारी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाची रेसिडेन्ट, म्हणजे रुग्णालयात राबत एमडी करणारी डॉक्टर. घर गोव्यात साखळीला, सासू-सासऱ्यांसोबत. नवरा वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत, शिफ्टमध्ये. मुलगी दीड वर्षाची. आठवड्याला दोन इमर्जन्सी ड्युट्या, त्यातली एक लांबत लांबत दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत जाते. मुलगी हल्ली आजीलाच आई म्हणते. तिने विचारलंय, एमडी सोडून आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून लागू का, की डोळे मिटून डीएमपर्यंत, म्हणजे कार्डिओलॉजीसारख्या सुपरस्पेशालिटीच्या पदवीपर्यंत, रेटू? पत्राच्या तळाशी नवऱ्याने वेगळ्या अक्षरात एक ओळ घातली आहे: ‘मॅडम, मी नेमकं काय करायचं?’ त्यालाही उत्तर देते, पण शेवटी.

एमडी सोडू नकोस. हे मी मेहनतीच्या गौरवासाठी म्हणत नाही, सरळ हिशेब आहे. अर्ध्या एमडीला कुठेच किंमत नाही. दीड वर्ष काढलंस, ते कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही. शिवाय प्रवेशाच्या वेळी सही केलेला बॉण्ड कपाटातून काढून वाच, त्यात सीट सोडण्याबद्दल काय लिहिलंय ते आम्ही सगळे सही करताना वाचत नाही.

आणि आरोग्य केंद्र म्हणजे विसाव्याची जागा, ही समजूत मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात बसूनच होते. वाळपईच्या बाजूला काम केलेल्या कोणालाही विचार. त्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून गोचिडींमुळे पसरणारा माकडताप आहे, त्याचा मोसम साधारण डिसेंबर ते मे. तो ओसरतो तोवर पाऊस, आणि पावसाबरोबर डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस. मध्ये लसीकरणाच्या मोहिमा, जत्रेतला वैद्यकीय कक्ष, कोणीतरी रजेवर म्हणून दुसऱ्या केंद्रावर डेप्युटेशन. चांगलं काम आहे. गावातल्या माणसाला दहा वर्षं सलग बघायला मिळतं, हे सुख मोठ्या रुग्णालयात मिळत नाही. ते काम आवडतं म्हणून जायचं असेल तर एमडी करून जा, तिथे फिजिशियनची गरज आहेच. थकलीस म्हणून जाऊ नकोस. थकवा बदलीच्या ऑर्डरबरोबर मागे राहत नाही.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे. पत्रात तू तास मोजलेस. मी दोन-तीनदा वाचलं तेव्हा माझं लक्ष दुसऱ्याच वाक्याकडे गेलं: ‘घरी कधी पोचेन ते मलाच माहीत नसतं, म्हणून मी काही सांगतच नाही.’ तिथे गाठ आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात डॉक्टरांची घरं जास्त तासांमुळे कमी आणि अंदाज नसल्यामुळे जास्त कुरकुरतात. गोव्यात बोटीवर जाणाऱ्या तारवटींची घरं बघ. बाप आठ-आठ महिने समुद्रावर, तरी घर चालतं, कारण तो कधी जाणार आणि कधी येणार हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. तू रोज रात्री त्याच घरात झोपायला येण्याची शक्यता असलेली, पण नक्की नसलेली व्यक्ती आहेस. सासूबाईंना तांदूळ किती घालायचे तेही कळत नाही. मुलीला तर काळ-वेळ कळायचं वय नाही, तिला फक्त दार वाजतं की नाही एवढंच कळतं.

म्हणून पहिलं काम: महिन्याचं रोस्टर हातात पडलं की त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाव, आणि त्याच कागदावर नवऱ्याच्या शिफ्टही लिही. मोबाईलमध्ये ठेवू नकोस, तो सासूबाई उघडत नाहीत. इमर्जन्सीच्या दिवसासमोर ‘घरी नाही’ असं स्पष्ट लिही. त्यानंतरच्या दिवसासमोर ‘संध्याकाळी’ असं लिही, आशेने ‘दुपारी’ लिहू नकोस. तुझी रात्र आणि त्याची रात्रपाळी एकाच तारखेला येते असे महिन्यातले दोन-तीन दिवस आधीच दिसतील, आणि त्या दिवसांची सोय शांत डोक्याने करता येईल. बाकीच्या दिवसांपैकी दोन संध्याकाळी अशा ठरव ज्या तू कोणालाही देणार नाहीस. दोनच ठरव, पण त्या पाळ. पाच ठरवून तीन मोडल्यास तर घरचे भिंतीवरचा कागद वाचायचं सोडून देतील.

ठरल्या संध्याकाळी वॉर्डमधून निघायचं कसं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे आपल्या व्यवसायाचा एक जुना अहंकार आडवा येतो. पेशंट माझा, मीच त्याला बघणार, निघाले तर मी बेफिकीर. या भावनेतलं खरं काय ते घे आणि बाकीचं हँडओव्हरवर, म्हणजे पुढच्या ड्युटीवाल्याला पेशंटची नीट माहिती देण्यावर, सोपव. नीट दिलेला हँडओव्हर हे पेशंटचंच काम आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांत रेसिडेन्टना ठरावीक पद्धतीने हँडओव्हर द्यायला शिकवून केलेला एक अभ्यास आहे, आय-पास नावाची ती पद्धत. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी, आणि हँडओव्हरला लागणारा वेळ काही लक्षणीय वाढला नाही. पद्धतीत जादू नाही. पेशंट किती आजारी आहे ते आधी सांगायचं, मग थोडक्यात इतिहास, मग रात्रीत करायची कामं, मग ‘असं झालं तर हे कर’. आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. आपल्याकडे ही शेवटची पायरी कोणी करत नाही, ‘हो हो, कळलं’ म्हणून फाइल बंद होते, आणि मग रात्री नऊ वाजता तुला फोन येतो की बेड सातच्या पोटॅशियमचं काय करायचं होतं.

तुझ्या ज्युनियरला त्या पायरीची सवय लाव. पहिला आठवडा ती वैतागेल. त्यानंतर तुझे घरी येणारे फोन आपोआप कमी होतील. तू स्वतःही घरी पोचल्यावर वॉर्डला फोन लावून ‘सहज विचारलं’ म्हणायचं बंद कर. त्याने ड्युटीवरच्या मुलीचा आत्मविश्वास जातो, आणि तुझ्या मुलीला भरवताना तुझा एक कान फोनला लागलेला असतो. डिस्चार्ज समरीचंही असंच. अ‍ॅडमिट केलं त्याच रात्री समरीचा कच्चा मसुदा सुरू कर, रोज दोन ओळी घाल. शनिवारी सहा समऱ्या एकदम लिहीत बसणारी रेसिडेन्ट कामसू दिसते खरी, पण तिचा शनिवार जातो.

पोस्ट-ड्युटी गाडी चालवण्याबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. जुने गोवे, बाणस्तारी, माशेल करत साखळीला जाणारा तो रस्ता पावसात कसा असतो ते तुला ठाऊक आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हालचाल आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढेपाळते. २४ तासांनंतर ती साधारण ०.१० टक्क्याला पोचते. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दारू पिऊन आलेल्या ड्रायव्हरला कॅज्युअल्टीत आपण ज्या नजरेने बघतो, त्याच्या कितीतरी पुढच्या अवस्थेत आपण स्वतः स्कूटर काढतो. ड्युटी संपली की हॉस्टेलच्या खोलीत दोन तास झोप. घाई असेल तर कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं पड, कॉफीचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो. नाहीतर कदंबची बस पकड. बसमध्ये झोप लागून उतरायची जागा चुकली तर फक्त उशीर होतो.

आणि घरी पोचल्यावर ‘मी मुलीला आज दिवसभर बघितलंच नाही’ म्हणून लगेच तिला उचलून घेऊ नकोस. आधी झोप. तीन तास झोपलेल्या आईबरोबर एक तास खेळणं तिला परवडतं. अर्धवट झोपेतली आई चिडते, मग रडते, मग चिडल्याबद्दल मिठाई देते. मूल गोंधळतं.

तासांच्या नियमांबद्दल विचारलंयस. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी सामान्यतः १२ तासांहून जास्त नसावी, आठवड्याला ४८ तास, आणि पाळीने साप्ताहिक सुट्टी असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत ‘वाजवी तास’ असा मोघम शब्द आहे, पण वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि आठवड्याला एक सुट्टी हे स्पष्ट आहे. आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. हे आकडे वाचून तुला हसू येईल, मलाही येतं. देशातल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत हे कागदावरच आहेत. तरी ते माहीत असू देत. विभागप्रमुखांकडे जाताना ‘मला जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘या महिन्यात माझी एकही साप्ताहिक सुट्टी लागलेली नाही, पुढच्या महिन्यात ती धरून रोस्टर करूया का’ असं म्हण, आणि रोस्टर स्वतः करून घेऊन जा. रोस्टर करण्याचं कंटाळवाणं काम जो अंगावर घेतो त्याच्या हातात बरंच काही असतं, हे रेसिडेन्टना फार उशिरा कळतं. त्या २० रजांपैकी किती घेतल्यास ते लिहून ठेव. नियमापेक्षा जास्त झाल्या तर तितके दिवस अभ्यासक्रम लांबतो, म्हणून त्या आजारपणासाठी राखायच्या की मुलीसाठी, याचा विचार वर्षाच्या सुरुवातीला कर.

‘आमच्या वेळी आम्ही अठ्ठेचाळीस तास उभे राहायचो’ असं सांगणारे सीनियर भेटतील. आम्ही उभे राहायचो, हे खरं आहे. त्या शेवटच्या बारा तासांत आम्ही काय दर्जाचं काम करायचो, हे कोणी सांगत नाही.

जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काढायचे, तीन महिने तुझे झालेत का ते पत्रात नाही. राहिले असतील तर ते रजेसारखे वाया घालवू नकोस. म्हापसा असो की मडगावचं हॉस्पिसियो, बहुतेकदा तिथे रात्री थोड्या हलक्या असतात. थेसिसचा डेटा तोवर जमला असेल तर लिखाण त्याच काळात उरक. थेसिस घरी आणला की तो जेवणाच्या टेबलावर पसरतो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो.

आता चवथ, म्हणजे आपली गणेश चतुर्थी. तू लिहिलंस की गेल्या वर्षी गणपतीवरची फळा-भाज्यांची माटोळी बांधताना तू वॉर्डात होतीस आणि सासरे त्यावर दोन दिवस बोलले नाहीत. चवथ ऑगस्ट-सप्टेंबरात येते, म्हणजे नेमकी तापाच्या दिवसांत, जेव्हा मेडिसिनचे बेड भरून जमिनीवर गाद्या पडतात. रजा सगळ्यांनाच हवी असते आणि युनिटमध्ये भांडणं होतात. गोव्यात याचा उपाय आपल्या आधीच्या लोकांनी शोधलेला आहे. माझ्या बॅचची एक मैत्रीण कुठ्ठाळीची, ख्रिश्चन. ती माझी चवथ सांभाळायची, मी तिचा नाताळ. तुमच्या युनिटमध्येही असा एक करार कर, पण जूनमध्ये कर, आणि नाताळची तुझी बाजू कुरकुर न करता पाळ. डिसेंबरात पर्यटकांमुळे कॅज्युअल्टी तुडुंब असते, तो सौदा बरोबरीचा नाही, हे आधीच मान्य करून टाक. सासऱ्यांना मात्र तू सांगू नकोस. नवऱ्याने सांगावं, आणि चवथीच्या दिवशी न सांगता महिनाभर आधी सांगावं.

सासूबाईंचा विषय तू दोन वाक्यांत उरकलास. मला तिथे काळजी वाटते. दीड वर्षाचं मूल दिवसभर मागे धावायला लावतं, त्या पासष्टीच्या, गुडघे दुखतात असं तूच लिहिलंयस. त्यांच्या प्रेमावर घर चालवायचं आणि त्यांची दमणूक कोणी मोजायची नाही, असं किती दिवस चालेल? स्टायपेंडमधून चार तासांची कामवाली ठेव. ती स्वयंपाकाला ठेव, मुलीसाठी ठेवू नकोस, म्हणजे आजीला नातीबरोबर बसायला वेळ मिळेल. पैशांचा प्रश्न असेल तर एमडी होईपर्यंत नवीन गाडीचा हप्ता पुढे ढकल. बाजारात सगळ्यात महाग वस्तू या दोन वर्षांत झोप आहे, ती विकत मिळत असेल तर घे.

आणि मुलगी आजीला आई म्हणते त्याचं. या वयाची मुलं एकापेक्षा जास्त माणसांना घट्ट धरतात. आजीला धरलंय म्हणजे तुला सोडलंय, असं होत नाही. तिला सुरक्षित वाटतंय याची ती खूण आहे. तू दारात आलीस की ती दोन मिनिटं पाठ फिरवते, असं लिहिलंस. फिरवू दे. जवळ बसून राहा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव, ती येईल.

तुझ्याबद्दल एक गोष्ट वैद्यकीय नजरेनेच विचारते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ मंजूर करताना बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं, आणि तिची तीन अंगं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा तुसडेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. पहिलं प्रत्येक रेसिडेन्टला असतं. दुसरं आलंय का बघ. सिंधुदुर्गातून, दोडामार्ग-बांद्याकडून तीन गाड्या बदलून आलेल्या म्हातारीवर तू विनाकारण खेकसलीस का? तसं असेल तर सुट्टी आणि झोप मागायची वेळ झाली. पण सुट्टीच्या दिवशीही सकाळी उठावंसं वाटत नसेल, मुलीजवळ बसूनही काही वाटत नसेल, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार येत असेल, तर तो बर्नआउटचा प्रांत नाही. तिथे उपचार लागतात. गोवा एवढासा, बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या ओपीडीत रांगेत उभं राहिलं तर बॅचमेटच समोर येईल, ही भीती मला कळते. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास. तिथून सुरुवात कर.

डीएमचं आत्ता ठरवू नकोस. तीन वर्षं अजून, बहुधा गोव्याबाहेर, म्हणजे प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. एमडीचा निकाल लागल्यावर वर्षभर सीनियर रेसिडेन्ट म्हणून काम कर. तेव्हा मुलगी बालवाडीत जात असेल, तुला सलग झोप मिळत असेल, आणि कार्डिओलॉजी आवडते की फक्त तिचा रुबाब आवडतो ते कळेल. मी जनरल मेडिसिनमध्येच राहिले, फोंड्यात प्रॅक्टिस केली, त्यात मला कमी वाटलं नाही. पण स्वतंत्र प्रॅक्टिस म्हणजे वेळ आपल्या हातात, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे. क्लिनिकची गर्दी संध्याकाळी पाच ते आठ, मुलांच्या अभ्यासाची वेळही तीच. त्यात आता व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुरून सल्ला पुरेसा आहे की पेशंटने समोर यायला हवं, हे ठरवायचा अधिकार डॉक्टरचा आहे, आणि त्या सल्ल्याची फीही घेता येते. पहिल्या दिवसापासून क्लिनिकचा नंबर वेगळा ठेव. पहिल्या वर्षी दिलेला घरचा नंबर पंधरा वर्षांनीही वाजतो.

आता नवरोबा. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, बहुतेक जण विचारत नाहीत. ‘मदत लागली तर सांग’ हे वाक्य आजपासून बंद करा. सांगणं हेही एक काम असतं आणि ते तिच्याच डोक्यावर राहतं. काही खाती पूर्ण तुमची करा, म्हणजे आठवण ठेवण्यापासून उरकण्यापर्यंत. कंपनीत पाळणाघर आहे का विचारा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक झालं, आणि वेर्ण्याच्या औषध कंपनीत माणसं त्याहून कमी नसणार. वडिलांच्या मुलाला घेतात का, हे एचआरला लेखी विचारा. आजवर कोणी विचारलं नसेल म्हणून घेत नसतील. ताप आला तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यायचं असतं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. मुलीचं आजचं वजन आणि घरातल्या बाटलीवरची मात्रा बघून किती मिलिलिटर होतं ते बायकोकडून एकदा समजून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा, म्हणजे रात्री दोन वाजता वॉर्डात फोन करावा लागणार नाही. आणि लसीकरणाचं कार्ड तुमच्या ताब्यात घ्या. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. मुलगी दीड वर्षाची झाली, दोघंही औषधांच्या व्यवसायात, आणि पत्रात त्याचा उल्लेख कुठेच नाही. राहिला असेल तर साखळीच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार कोणता ते विचारा, आणि त्या दिवशी रजा तुम्ही टाका.